मध गोठला आणि चटणी खवटली

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत खाद्यपदार्थ करणाऱ्या गटांपुढे केलेलं भाषण)



गिऱ्हाईक माल परत आणतं तेव्हा दोन तक्रारी हमखास असतात. "मधात साखर घातलीय, तळाशी रवा बसलाय," आणि "शेंगदाण्याची चटणी खवट लागते." दोन्हींवर आपलं उत्तर एकच: जरा ऊन दाखवा, होईल नीट. मधाला ते लागू पडेल. चटणीला अजिबात नाही, उलट ती आणखी बिघडेल.

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात भौतिक बदल आणि रासायनिक बदल असा धडा असतो. तो आपल्याच धंद्याचा आहे. भौतिक बदलात पदार्थ तोच राहतो, रूप तेवढं बदलतं. रासायनिक बदलात नवाच पदार्थ तयार होतो.

थंडीत मधातलीच साखर दाणे धरते. बरणी कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ. खोबरेलाचंही तेच. पापड सादळतो तो हवेतला ओलावा ओढून. बुरशी नसेल तर ऊन दिलं की पुन्हा कडक होतो. असा माल फेकू नका, गिऱ्हाइकाला समजावून सांगा.

बऱ्याच जणी म्हणतात, "पूर्वीसारखं झालं तर भौतिक." ही खूण दर वेळी चालत नाही हं. तिखट कुटलं की त्याची परत मिरची होत नाही, तरी तो बदल भौतिकच, कारण तिखट म्हणजे मिरचीच. प्रश्न एवढाच विचारायचा: नवीन काही तयार झालं का?

खवटपणात होतं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. हवेतला ऑक्सिजन त्या तेलाशी मिळतो आणि नवे पदार्थ बनतात. तो वास त्यांचाच. पुन्हा भाजलं, लसूण वाढवला, तर वास झाकेल, पण पदार्थ आतच राहतील. आणि जुनी चटणी ताजीत मिसळली तर ताजीही लवकर खवटते. दोन किलो वाचवायला वीस किलो घालवायची का? परत आलेली चटणी टाका आणि नुकसान वहीत लिहा. पुढच्या वेळी दाणे ताजे घ्या, पाकीट घट्ट बंद करा, माल अंधाऱ्या, थंड जागी ठेवा.

फरसाणवाल्या गटांनी तेलाकडेही बघावं. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की काळं, घट्ट होतं, फेस धरतं. गाळून काळे कण निघतात, बिघडलेलं तेल सुधारत नाही. तळून तळून तयार होणारे हे नको ते पदार्थ 25 टक्क्यांच्या वर गेले की तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, हा अन्न सुरक्षेचा नियम 2018 पासून लागू आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने परत आलेल्या मालाचं एक-एक पाकीट आणा. उघडू, वास घेऊ, आणि कुठलं ठेवायचं, कुठलं टाकायचं ते तिथेच ठरवू.