घोरणारं मूल गाढ झोपलेलं नसतं

आजची ओपीडी बंद ठेवून इथे आलेल्या माझ्या बालरोगतज्ज्ञ व फॅमिली डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने वर्षभरातल्या प्रगतीचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ते काम आपले सचिव माझ्यापेक्षा नेमकेपणाने करतात, म्हणून मी एकाच प्रश्नापुरतं बोलणार आहे. दोन ते आठ वर्षांचं मूल कुठल्याही तक्रारीसाठी आलं तरी आईला विचारायचं, "रात्री घोरतो का?" अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक नियमित तपासणीत हे विचारायला सांगितलं आहे. आपण वजन, उंची आणि लसीची तारीख न चुकता लिहितो. झोपेबद्दल एक ओळही लिहीत नाही.

आई आपणहून हे सांगणार नाही, कारण घरात घोरण्याला कोणी आजार मानत नाही. "दमलाय बिचारा, कसा गाढ झोपलाय बघा," असं आजी कौतुकाने म्हणते. वडील घोरतात, आजोबा घोरतात, मग नातू घोरला तर त्यात नवल काय? सर्दीत चार दिवस नाक वाजणं वेगळं. आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरणाऱ्या मुलाची मात्र चौकशी व्हायलाच हवी. साधारणपणे शंभरातल्या एक ते पाच मुलांना झोपेत श्वास अडण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा त्रास असतो. या वयात टॉन्सिल्स आणि नाकामागचे ॲडिनॉइड्स वाढलेले असतात, श्वासाची वाट मात्र अजून अरुंद असते. झोपेत घशाचे स्नायू सैलावले की तीही मिटू लागते.

आता मोबाइलने आपलं काम सोपं केलं आहे. मी पालकांना सांगतो, पहाटे तीन-चारच्या सुमारास पांघरूण बाजूला करा, सदरा वर घ्या आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. पहाटे अशासाठी की स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते आणि श्वास तेव्हाच अधिक अडतो. तो व्हिडिओ आवाज सुरू ठेवून पाहा. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, कपाळावर घाम. पोट वर येतं तेव्हा छाती फुगण्याऐवजी आत जाते, गळ्याच्या खाली खळगा पडतो. मग घोरणं एकदम थांबतं. आईला वाटतं, आता शांत झोपला. पण पोट हलतच असतं, हवा मात्र आत जात नसते. काही सेकंदांनी मूल हुंदका दिल्यासारखा श्वास घेतं, कूस बदलतं आणि पुन्हा घोरू लागतं. थांबलेल्या आवाजाचे हे सेकंद ज्याने एकदा पाहिले, त्याला पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

दिवसा हे मूल कसं दिसतं? मोठा माणूस अशा आजारात खुर्चीत पेंगतो. मूल उलट वागतं: धावतं, चिडतं, वर्गात एका जागी बसत नाही. शाळेतून चिठ्ठी येते, घरी "द्वाड" असा शिक्का बसतो आणि हल्ली थेट एडीएचडीचं निदान हातात घेऊनच पालक येतात. सकाळी डोकं दुखणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, खाऊनपिऊन वजन न वाढणं, याही खुणाच. लंडनच्या विल्यम हिल यांनी १८८९मध्येच नाक-घशातल्या अडथळ्याचा आणि मुलांच्या "मठ्ठपणा"चा संबंध मांडला होता. ख्रिस्तियन गिलमिनो यांनी स्टॅनफर्डमध्ये अशा आठ मुलांचं वर्णन १९७६मध्ये केलं. १९९८मध्ये डेव्हिड गोझल यांनी पहिलीच्या वर्गातली, गुणांत सर्वात मागे असलेली २९७ मुलं तपासली. त्यांतल्या ५४ जणांना, म्हणजे अठरा टक्के मुलांना, झोपेत श्वसनाचा दोष निघाला. त्यांपैकी टॉन्सिल्स-ॲडिनॉइड्स काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे गुण पुढच्या वर्षी वाढले, न झालेल्यांचे तिथेच राहिले. मागच्या बाकावरच्या मुलाला शिकवणी लावण्याआधी त्याची झोप तपासा, असं मी म्हणतो ते यामुळे.

टॉर्च मारून टॉन्सिल्स पाहायचे आणि निर्णय द्यायचा, ही आपली जुनी सवय. टॉन्सिल्सच्या आकारावरून आजाराची तीव्रता कळत नाही. खात्रीचं निदान रात्रभराच्या स्लीप स्टडीनेच होतं. प्रौढांत तासाला पाचपर्यंत अडथळे चालवून घेतले जातात. मुलांत एकच्या वर गेलं की दोष, दहाच्या वर तीव्र. तेव्हा लॅब मुलांचे निकष लावते का, हे फोन करून विचारा. तालुक्याच्या गावी अशी लॅब नसते. तिथे सविस्तर चौकशी, व्हिडिओ आणि रात्रभराची पल्स ऑक्सिमेट्री यांवर बरंच कळतं. ऑक्सिमेट्री चांगली आली म्हणून आजार नाही, असं मात्र लिहून देऊ नका.

उपचारांबाबत आपल्यात दोन टोकं आहेत. कोणी घोरणाऱ्या प्रत्येकाचे टॉन्सिल्स काढायला पाठवतो, कोणी "बाराव्या वर्षानंतर आपोआप जिरतील" म्हणून परत पाठवतो. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅट या चाचणीत पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुलं होती. सात महिन्यांनी स्लीप स्टडी पूर्ववत झाली ती शस्त्रक्रियेच्या गटात ७९ टक्के मुलांची आणि नुसत्या देखरेखीच्या गटात ४६ टक्क्यांची. एकाग्रतेच्या औपचारिक कसोट्यांत फारसा फरक पडला नाही. वागणूक, लक्षणं आणि दिवसाचं जगणं मात्र शस्त्रक्रियेने स्पष्टपणे सुधारलं. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे. सौम्य आजारात नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे आणि काही महिन्यांची देखरेख हा प्रामाणिक उपचार आहे, टाळाटाळ नव्हे. मध्यम आणि तीव्र आजारात थांबणं ही मात्र चूक. ॲडिनॉइड्स पुढे आकसतात हे खरं. पण मधली वर्षं मेंदूच्या वाढीची असतात, ती परत मिळत नाहीत.

शस्त्रक्रियेला पाठवताना चिठ्ठीत "वारंवार टॉन्सिलायटिस" असं ठोकळेबाज लिहू नका, श्वास अडतो असं लिहा. भूलतज्ज्ञाला ते कळणं गरजेचं आहे. तीन वर्षांखालच्या किंवा तीव्र आजाराच्या मुलाला त्या रात्री घरी सोडायचं नाही. वेदनाशामक म्हणून कोडीन तर नकोच. अशा मुलांतल्या मृत्यूंनंतर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३मध्ये त्यावर कडक इशारा दिला. लठ्ठ मुलांत शस्त्रक्रियेनंतरही आजार उरतो, त्यांना वजन कमी करणं आणि कधी हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅपचं यंत्र लागतं.

दोन गटांची मुलं घोरत नसली तरी विसरू नका. डाऊन सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाची चार वर्षांच्या आत स्लीप स्टडी व्हावी अशी शिफारस आहे. आणि गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या सहकाऱ्यांनो, तुमच्या सिकलसेलच्या मुलांची झोप विचारा. रात्री प्राणवायू उतरला की त्यांच्या रक्तपेशींचा आकार बिघडतो.

हा प्रश्न आपल्या दवाखान्याबाहेरही विचारला जायला हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. त्यांच्या तपासणीत "मूल बहुतेक रात्री घोरतं का?" हा प्रश्न ठळकपणे यावा, असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडणार आहे. जेवणानंतर कोणी घरी निघू नये. थांबून त्याला अनुमोदन द्यावं, ही विनंती.