प्रोटॉनची साद आणि खान्देशातली प्रयोगशाळा



आपण मध्यम लहरींवर कार्यक्रम ऐकत असाल, तर आपल्या रेडिओच्या आत एक काळी, ठिसूळ कांडी आहे. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते आणि आकाशवाणीच्या लहरी पकडण्याचे काम ती करते. ही कांडी फेराइटची. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये निकेल, मँगेनीज, जस्त अशा धातूंची ऑक्साइडे मिसळून भाजलेला हा पदार्थ. तिथे नुसत्या लोखंडाची कांडी घातली, तर वेगाने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्यातच विजेचे भोवरी प्रवाह उठतात आणि शक्ती वाया जाते. फेराइट मात्र चुंबकीय असूनही विजेला सहसा वाट देत नाही.

विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राबद्दल बोलताना मूलभूत संशोधन, चुंबकीय पदार्थांचे संशोधन, वैद्यकीय भौतिकशास्त्र अशी वेगवेगळी नावे घेतली जातात. एकातून दुसरे कसे निघते, हे आज सांगायचे आहे. आणि हे सारे संशोधन खान्देशाच्या दारात असले पाहिजे, हेही.

जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव अभिमानाने मिरवते. बांभोरीजवळ, गिरणेच्या काठी त्याचा परिसर आहे आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे त्याचे कार्यक्षेत्र. तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत धातूचा गंज रोखणाऱ्या पॉलिमरच्या लेपांवर काम झाले आहे, तर अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात वायू ओळखणाऱ्या संवेदकांवर. अशा प्रयोगशाळेत फेराइट तयार करणे एम.एस्सी.च्या मुलामुलींना सहज जमण्यासारखे आहे. लोह आणि कोबाल्ट यांची नायट्रेटे पाण्यात विरघळवायची, सायट्रिक आम्ल घालायचे, अमोनियाचे थेंब सोडून आंबटपणा घालवायचा आणि ढवळत ढवळत ऐंशी अंशांच्या आसपास तापवत राहायचे. पाणी आटले की चिकट जेल उरते. आच वाढवली की त्याची एक कड पेट घेते, ठिणगी सरकत सरकत आतपर्यंत जाते आणि बीकरमध्ये फुगलेली, हलकी, काळपट भुकटी राहते. बाहेरून चुंबक लावला की ती काचेला येऊन चिकटते.

ती का चिकटते? फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेल यांनी १९४८ मध्ये त्याचे उत्तर दिले. फेराइटच्या स्फटिकात धातूच्या आयनांचे दोन गट असतात आणि रस्सीखेचीतल्या दोन संघांप्रमाणे ते विरुद्ध दिशांना ओढतात. दोन्हीकडचे बळ सारखे नसते. जो फरक उरतो, तेच आपल्याला जाणवणारे चुंबकत्व. या कामासाठी नेल यांना १९७० चे नोबेल मिळाले.

चुंबकाला तापवत गेले की एका ठरावीक तापमानाला त्याचे चुंबकत्व मावळते. पिएर क्युरी यांनी १८९५ च्या आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला, म्हणून त्याला क्युरी तापमान म्हणतात. लोखंडाचे ते ७७० अंश सेल्सिअस आहे. फेराइटमध्ये जस्ताचे प्रमाण वाढवत नेले की ते खाली येते. इथे डॉक्टरांचा संबंध येतो. कर्करोगाच्या गाठीत चुंबकीय कण सोडून बाहेरून सेकंदाला सुमारे एक लाख आवर्तने करणारे चुंबकीय क्षेत्र दिले, तर कण तापतात आणि गाठीतल्या पेशी मरतात. लोह ऑक्साइडचे कण वापरणाऱ्या अशा एका उपचाराला युरोपात २०१० मध्ये मेंदूच्या गाठींसाठी मान्यता मिळाली. कणांचे क्युरी तापमानच नेमके बसवता आले, तर ठरल्या अंशापुढे ते आपोआप तापायचे थांबतील आणि शेजारच्या निरोगी पेशी वाचतील. जगभरच्या प्रयोगशाळा त्यामागे लागल्या आहेत. ज्याने बीकरमध्ये फेराइट केले, त्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न परका नाही.

आता एमआरआय. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे प्रोटॉन. तो स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. एमआरआय यंत्राचे क्षेत्र साधारणपणे दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. एवढ्या क्षेत्रातही त्याच्या दिशेने झुकलेल्या प्रोटॉनांचे आधिक्य दहा लाखांत जेमतेम पाच. तेवढ्यावर चित्र उभे राहते, कारण हे प्रोटॉन ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओलहरींना साद देतात. आपले एफएम ८८ मेगाहर्ट्झपासून सुरू होते. हा पट्टा त्याच्या जरा खालचा. यंत्र लहरी पाठवते आणि शरीराकडून आलेला क्षीण संदेश ऐकते. भौतिकशास्त्रज्ञ इसिडोर राबी यांनी १९३८ मध्ये केंद्रकांची अशी साद, म्हणजेच अनुनाद, मोजला, तेव्हा त्यांना केंद्रकाचे गुणधर्म हवे होते. १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी तो घन आणि द्रव पदार्थांत दाखवला. १९५१ मध्ये बंगळूरला जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातला अनुनाद अभ्यासला. रक्तप्रवाह मोजण्याच्या आजच्या तंत्रामागे तीच दृष्टी आहे. लॉटरबर यांनी या अनुनादापासून पहिले चित्र काढले ते १९७३ मध्ये. राबींच्या मोजमापापासून तिथवर ३५ वर्षे गेली. मूलभूत संशोधनाला ‘उपयोग काय’ असे विचारणाऱ्यांनी हा काळ लक्षात ठेवावा.

पॉझिट्रॉनचे, म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉनचेही तसेच. डिराक यांच्या १९२८ च्या समीकरणातून त्याची चाहूल लागली आणि १९३२ मध्ये अँडरसन यांना तो विश्वकिरणांत दिसला. आज पेट स्कॅनमध्ये तो कर्करोगाचा ठाव घेतो. त्यासाठी लागणारे फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये तयार करतात आणि दर ११० मिनिटांनी ते निम्मे होते. मुंबईहून निघालेली कुपी रस्त्याने जळगावला पोहोचायला आठ तास लागले, तर तिच्यातला विसावा भागही शिल्लक राहत नाही. खान्देशातल्या रुग्णाचे अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही, ते असेही मोजावे लागते.

यंत्र आणले म्हणजे काम संपले असेही नाही. किरणोपचार केंद्रात किती मात्रा, कोणत्या कोनातून, किती वेळ द्यायची आणि यंत्र खरोखर तेवढीच देते की नाही, हे रोज तपासणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ लागतो. मात्रा कमी पडली तर गाठ उरते, जास्त झाली तर निरोगी अवयव जळतो. म्हणून अशा तज्ज्ञाशिवाय केंद्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी नसते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांना हा मार्ग खुला आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम त्यासाठीच आहे. त्यानंतर रुग्णालयात उमेदवारी करावी लागते.

धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि भौतिकशास्त्राचे विभाग तर तालुक्यापर्यंत पोहोचले आहेत. वैद्यकीय महाविद्यालये आणि हे विभाग यांनी एकत्र बसावे. डॉक्टरांनी आपल्या अडचणी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांपुढे मांडाव्यात, शिक्षकांनी त्यातून संशोधनाचे विषय काढावेत. आणि पालकहो, आपली मुलगी किंवा मुलगा भौतिकशास्त्रात पदवी घेत असेल, तर ‘पुढे काय करणार’ या काळजीने त्यांना अडवू नका. एम.एस्सी. करू द्या, प्रयोगशाळेत रमू द्या. खान्देशातल्या रुग्णांना अशा माणसांची गरज आहे.