लग्न लावलं की सुधारेल?

(सामुदायिक रेडिओवरील ‘दुपारच्या गप्पा’ या कार्यक्रमातील भाषण)

 भाकरी-भाजी आटोपून, जनावरांना वैरण टाकून आत्ता कुठं टेकला असाल. आजचा विषय जरा हळू आवाजात ऐकायचा आहे. घरात सासरे-दीर असतील आणि अवघड वाटत असेल, तर रेडिओ घेऊन परसात गेलात तरी चालेल.

विषय आम्ही उगीच काढलेला नाही. केंद्राच्या दारातल्या पत्रपेटीत दोन महिन्यांत तीन चिठ्ठ्या आल्या. एकीवरही नाव नाही, गाव नाही. पहिली एका आईची. मुलगी बावीस वर्षांची आहे, लग्नाला नको म्हणते. खोदून विचारल्यावर म्हणाली, माझं मन माझ्या मैत्रिणीवर आहे. बापाला अजून ठाऊक नाही, दिवाळीनंतर तो सोयरीक पक्की करणार आहे. दुसरी चिठ्ठी एका सुनेची. नवरा दारू पीत नाही, हात उचलत नाही, पण तीन वर्षांत तिच्याजवळ आला नाही. मूल होत नाही म्हणून बोलणी ती खाते. आता तिला कळलं आहे की त्याला पुरुषच आवडतात. तिसरी एका पोराची, दोनच ओळींची: आई तुमचा कार्यक्रम लावते म्हणून मीही ऐकतो, माझ्यासारखं दुसरं कुणी असतं का?

तर पहिल्यांदा शब्द सांगतो. ज्या बाईला बाईचीच ओढ वाटते, तिच्याबरोबरच जन्म काढावासा वाटतो, तिला लेस्बियन म्हणतात. पुरुषाला पुरुषाची ओढ वाटत असेल तर त्याला गे म्हणतात. मराठीत दोघांनाही समलिंगी हा शब्द आहे. तृतीयपंथी वेगळे. आपल्याकडे जोगते, किन्नर सगळ्यांच्या बघण्यातले, म्हणून लोक सगळ्यांनाच एका पोत्यात भरतात. समलिंगी बाई स्वतःला बाईच समजते. ती तुमच्याआमच्यासारखी साडी नेसते, गजरा माळते, खुरपायला जाते. बघून ओळखू येत नाही.

हा आजार आहे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 ला आजारांच्या यादीतून तो काढून टाकला. गुन्हा आहे का? तोही नाही. इंग्रजांनी 1860 च्या कायद्यात 377 नावाचं कलम घातलं होतं, त्यात दोन पुरुषांच्या संबंधांना शिक्षा होती, आणि त्याचा धाक दाखवून पोलीस, गुंड, कधी घरचेसुद्धा पैसे उकळायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 6 सप्टेंबर 2018 ला निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने एकत्र येणं हा गुन्हा नाही. 1 जुलै 2024 पासून जी नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तर ते कलमच नाही.

आणि हे शहरातलं, मोबाईलमधून आलेलं खूळ आहे असं जे म्हणतात, त्यांना काय सांगायचं? मध्य प्रदेशात पोलीस दलातल्या दोघी शिपाई बायांनी आपसांत लग्न केल्याची बातमी 1988 साली देशभर गाजली होती. दोघींना नोकरीवरून काढलं. तेव्हा मोबाईल कुणी पाहिला होता? माया शर्मा नावाच्या कार्यकर्त्या बाईंनी उत्तर भारतात फिरून गरीब, कष्टकरी घरांतल्या अशा बायांच्या कहाण्या गोळा केल्या आणि 2006 साली त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं. त्यातल्या बाया रोजंदारीवर जाणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आहेत. त्यांच्या वाट्याला आलेलं घर, कुटुंब, पोलीस हे सगळं आपल्याकडच्यासारखंच आहे.

आता मुद्द्याचं. गावात यावर औषध एकच सांगतात: लग्न लावून टाका, सुधारेल.

आम्ही गटागटांत बसतो, घटस्फोटाच्या, परित्यक्तांच्या केसेस ऐकतो. हे औषध दोन माणसांना पाजलं जातं आणि दोन्ही आजारी पडतात असंच आम्हाला दिसलं आहे. मुलाला मुलगी आवडत नाही हे आईला वर्षानुवर्षं ठाऊक असतं. तरी ती दुसऱ्याची लेक घरात आणते. ती लेक रात्ररात्र विचार करते, माझ्यात काय कमी आहे? सासू तिला वैद्याकडे नेते, देवाला नवस बोलते, आणि खरं कारण शेजारच्या खोलीत झोपलेलं असतं. तो मुलगाही सुखात नसतो. बाहेर चोरून भेटतो, घरात चिडतो. एखादा धमकावून पैसे मागतो ते देत बसतो.

मुलीच्या बाबतीत तर याहून वाईट. मुलगा निदान उठून पुण्या-मुंबईला कामाला जाऊ शकतो. मुलीचं शिक्षण तोडलं, मोबाईल काढून घेतला, की तिचं जगच संपतं. लग्नाच्या रात्रीनंतर तिच्यावर जे होतं त्याला आपल्याकडे संसार म्हणतात. आपण बाया आहोत, आपल्याला स्पष्ट बोलता आलं पाहिजे: नको असताना रोज रात्री सोसावं लागणं ही जबरदस्तीच आहे.

दुसरा उपाय भगताचा. अंगात कुणीतरी शिरलंय म्हणून दोरीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीचा धूर देणं. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणारा त्या कायद्याखाली गुन्हेगार ठरतो. तिसरा उपाय सुशिक्षितांचा: डॉक्टरकडे नेऊन ‘बदलून’ आणायचं. एका घराने शहरातल्या एका डॉक्टरला यासाठी शेळ्या विकून पैसे दिल्याचं आम्ही ऐकलं आहे. मुलगा परत आला तो गोळ्यांच्या गुंगीत. बदलला काहीच नाही. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 साली अशा उपचारांना मनाई करायला सांगितलं आणि पुढच्या वर्षी डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. म्हणजे जो डॉक्टर ‘बदलून देतो’ म्हणेल, त्याच्याकडून उठून यायचं.

मग जायचं कुठं? त्या पोराने विचारलं होतं, माझ्यासारखं कुणी असतं का. असतात, आणि ते पस्तीस वर्षांपासून एकमेकांना शोधत आले आहेत. मुंबईत 1990 साली अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ नावाचं मासिक काढलं. त्यांनी आणि मित्रांनी मिळून 1994 साली हमसफर ट्रस्ट सुरू केला. समुपदेशन, आरोग्य तपासणी, कायद्याचा सल्ला अशी कामं तिथं चालतात. बायांनी आपला वेगळा गट 1995 साली मुंबईत बांधला, त्याचं नाव स्त्री संगम. पुढे त्याचं नाव लेबिया झालं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली, ही मोठी सोय झाली, कारण तोवर वाचायला मिळेल ते सगळं इंग्रजीत.

बायांच्या कामाबद्दल आणखी दोन नावं सांगतो, आपल्या राज्याबाहेरची, पण शिकण्यासारखी. केरळमध्ये मैत्रिणी-मैत्रिणी जोडीने जीव देत असल्याच्या बातम्या येत होत्या. तेव्हा काही बायांनी ‘सहयात्रिका’ नावाने फोनवर ऐकून घेण्याचं काम सुरू केलं. कोलकात्यात 1999 साली ‘सॅफो’ हा बायांचा गट निघाला. सुरुवातीला हे गट म्हणजे काय होतं? एक टेलिफोन, एक टपालपेटी, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी चहा. आपल्या बचत गटाची सुरुवात यापेक्षा फार वेगळी नव्हती, आठवून बघा.

आईबापांचाही गट आहे. मुंबईत 2017 साली पालकांनी मिळून ‘स्वीकार’ सुरू केला. समलिंगी मुलांचे आईबाप तिथं एकमेकांशी बोलतात, कारण शेजारणीला सांगता येत नाही, बहिणीला सांगता येत नाही. मराठी नाटक-सिनेमातल्या चित्रा पालेकर यांनी आपली मुलगी लेस्बियन आहे हे स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. 377 कलमाच्या लढाईत जे आईबाप सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले, त्यांच्यात त्याही होत्या.

पण मुंबई-पुणे आपल्याला लांब. एस.टी.चं भाडं कोण देणार, आणि घरी काय सांगून निघणार? म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्या आईला आम्ही म्हणू, ताई, आधी सोयरीक थांबवा. खरं कारण बापाला आजच सांगायची गरज नाही. शिक्षण, नर्सिंगचा कोर्स, भरतीची परीक्षा, जे पटेल ते पुढे करा आणि वर्षभराचा वेळ घ्या. मुलीला कमावती होऊ द्या. बाप कोपिष्ट असेल तर सांगण्याची घाई नकोच. कधी सांगायचं आणि कुणाला, हे मुलीने ठरवायचं आहे.

मारहाण झाली, कोंडून ठेवलं, तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त सुनेसाठी आहे असं समजू नका. लेकीलाही माहेरच्या माणसांविरुद्ध तो वापरता येतो. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं मुक्कामाची सोय होते. मुलगी अठरा पूर्ण असेल तर तिने कुणाबरोबर राहायचं हे तीच ठरवणार. 2022 च्या मे महिन्यात केरळात अशाच दोघींपैकी एकीला घरच्यांनी उचलून नेलं होतं. दुसरी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने त्या मुलीला बोलावून विचारलं आणि दोघींना एकत्र राहू दिलं.

दोघींचं लग्न मात्र कायद्याने लागत नाही, हे खरं तेच सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 ला ती मागणी मान्य केली नाही. पण त्यानंतर, 2024 मध्ये, केंद्र सरकारने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढता येतं, खात्यावर एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमता येतं, आणि रेशनकार्डासाठी त्यांना एका घरातलं धरावं असं राज्यांना कळवलं. बँकेतला बाबू नाही म्हणाला तर मॅनेजरपर्यंत जायचं. कर्जासाठी जातोच की आपण.

सुनेला काय सांगावं? बाई, दोष तुझा नाही, आणि दोष त्याच्या स्वभावाचाही नाही. दोष ज्यांनी ठाऊक असून हे लग्न लावलं त्यांचा. त्याची गावभर बदनामी करून तुझ्या हाती काही लागणार नाही, उलट त्याचा जीव धोक्यात येईल. दोघांनी मिळून परस्पर संमतीने वेगळं होता येतं. स्त्रीधन तुझं आहे, ते मागून घे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथं बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दुसरं लग्न करायचं का, ते नंतर बघ.

आणि गटाच्या बायांनो, आपलं काम. कुणी आपल्याजवळ असं बोलली, तर ते सचिवाच्या वहीत लिहायचं नाही, बैठकीत काढायचं नाही. ऐकणाऱ्या दोघीच ठरवून ठेवा, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशा. कोण आहेत त्या, हे प्रत्येक गटाला बरोबर माहीत असतं. ‘पुरुषाची चव माहीत नाही म्हणून’ असले विनोद हळदीकुंकवाला होतात, तिथं कुणीतरी एकीने विषय बदलला तरी पुष्कळ. कोपऱ्यात बसलेली मुलगी ते ऐकत असते.

आता नंबर सांगतो, पेन घ्या. बायांसाठी मदतीचा फोन 181. जीव नकोसा वाटत असेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानस, 14416. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फुकट वकिलासाठी 15100. मूल अठराच्या आतलं असेल तर 1098. तातडीचा धोका असेल तर 112. फोनवर पहिल्याच वाक्यात सगळं सांगायची गरज नाही. ‘घरात त्रास आहे, बोलायचं आहे’ एवढ्यावर सुरुवात होते. घरचा मोबाईल वापरला असेल तर बोलणं झाल्यावर यादीतून नंबर पुसून टाका. पुसता येत नसेल तर अंगणवाडीताईंच्या किंवा आशाताईंच्या फोनवरून लावा, आणि त्यांना एवढंच सांगा की माहेरी फोन करायचा आहे.