काटा आणि काठी



मार्केट यार्डांतील भुसार गाळ्यावर बसणाऱ्या माणसानें गोल्फविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. माझ्या घरीं तें अद्याप वाटतें. आठवड्यांतील सहा दिवस पहाटे उठून गुलटेकडीवर यावयाचें आणि सातव्या दिवशीं त्याच वेळीं येरवड्याच्या मैदानाकडे जावयाचें, असा माझा क्रम गेलीं बारा वर्षें चालूं आहे. मी नामांकित खेळाडू नव्हें. होण्याची आतां आशाहि नाहीं. परंतु ज्या धंद्यांत माझा जन्म गेला त्या धंद्यांत रोज डोळ्यांसमोर घडणारी एक साधी गोष्ट मैदानावरहि उपयोगी पडेल, हें माझ्या ध्यानांत येण्यास दहा वर्षें लागलीं. त्या दिरंगाईची हकीकत सांगावी म्हणून आज मी आपणांपुढें आलों आहें.

आमच्या यार्डांत काट्यावांचून व्यवहार नाहीं. पोतें काट्यावर चढतें, मापाडी आंकडा उच्चारतो, तो आंकडा पट्टींत उतरतो आणि त्यावरून शेतकऱ्याचें, आडत्याचें व खरेदीदाराचें देणें-घेणें ठरतें. म्हणून काटा हा आमच्याकडे विश्वासाचा नव्हे, तपासणीचा विषय आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दर वर्षीं फेरपडताळणी करून घ्यावी लागते आणि त्यावर शिक्का पडतो. परंतु शिक्का पडला म्हणून आमचे मापाडी तात्या स्वस्थ बसत नाहींत. सकाळीं पहिलें पोतें चढण्यापूर्वीं ते काट्याच्या ताटावरून हात फिरवून चिकटलेली माती काढतात, काटा सपाट जागीं बसला आहे कीं नाहीं हें पाहतात, रिकाम्या काट्यावर शून्य उमटलें कीं नाहीं याची खात्री करतात, आणि मग वीस किलोचें प्रमाणित वजन ताटाच्या चारहि कोपऱ्यांवर आळीपाळीनें ठेवतात. चारहि ठिकाणीं एकच आंकडा आला तर दिवस सुरू. हा विधि मी लहानपणापासून पाहत आलों आहें. तरीहि माझ्या गोल्फच्या पिशवींतील एकहि काठी मीं दहा वर्षांत कधीं तपासली नव्हती.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. खेळाडूच्या पिशवींत जास्तींत जास्त चौदा काठ्या असाव्या असा नियम आहे. अमेरिकेंत तो १९३८ सालीं आणि ब्रिटनमध्यें १९३९ सालीं अमलांत आला. यांपैकीं लोखंडी काठ्यांना क्रमांक असतात. क्रमांक जसजसा वाढतो तसतशी काठी आंखूड होते, तिचें डोकें जड होतें आणि तोंड अधिक मागें कलतें. त्यामुळें चेंडू अधिक उंच उडतो व कमी अंतरावर पडतो. म्हणजे या काठ्या एखाद्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या आहेत. एक पायरी चुकीच्या उंचीची निघाली तर पाय अडखळणारच.

माझा पाय सात क्रमांकाच्या पायरीवर अडखळे. त्या काठीनें मारलेला चेंडू दोन वर्षें सारखा उजवीकडे जात होता. प्रथम मीं वयाला दोष दिला, मग खांद्याला, मग चष्म्याला. एका शिक्षकाकडून शिकलों, तें सोडून दुसऱ्याकडे गेलों. माझी पिशवी वाहणारा कॅडी बिचारा, अंतर चुकीचें सांगितलें म्हणून माझे चार कठोर शब्द त्यानें ऐकून घेतले. त्याबद्दल पुढें मीं त्याची क्षमा मागितली. शेवटीं खेळच सोडून द्यावा या विचाराला मी आलों होतों.

एके रविवारीं मी मैदानावरून परस्पर गाळ्यावर आलों आणि पिशवी मुनिमांच्या टेबलाशीं टेकवून ठेवली. चेहरा पाहून तात्यांनीं विचारलें, “शेठ, भाव पडला का?”

मीं म्हटलें, “भाव नाहीं तात्या, हात पडला. दोन वर्षें झालीं, या सात नंबरनें मारलेला चेंडू सरळ जात नाहीं. आतां हें सारें विकून टाकावें म्हणतों.”

“बाकीच्या काठ्यांनीं जातो?”

“बराच बरा जातो.”

“मग हात एकाच काठीपुरता कसा बिघडेल?” तात्या म्हणाले. “माल कमी भरला तर आपण आधीं काटा बघतों, शेठ. शेतकऱ्याला चोर म्हणत नाहीं.”

डाळींचे व मसाल्यांचे नमुने तोलण्याचा एक लहान काटा आमच्या गाळ्यांत आहे. तो ग्रॅमपर्यंतचें वजन दाखवितो. तात्यांनीं त्यावर एक-एक काठी आडवी ठेवली आणि मुनिमांनीं आंकडे लिहून घेतले. पांच क्रमांकाची ४१८ ग्रॅम, सहाची ४२५, आठची ४३८, नऊची ४४५. प्रत्येक पायरीला सहा-सात ग्रॅमची वाढ. हिशेब अगदीं सरळ. सात क्रमांकाची काठी त्या मानानें ४३२ च्या आसपास भरावयास हवी होती. ती भरली ४४६. नऊ क्रमांकाच्या काठीपेक्षांहि जड!

चौदा ग्रॅम आले कोठून? तेव्हां मला आठवलें कीं, दोन वर्षांपूर्वीं त्या काठीची रबराची मूठ फाटली होती व ती मीं एका दुकानांतून बदलून घेतली होती. नवी मूठ जाड लागली, पण नव्या वस्तूला थोडा वेळ द्यावा लागतो असें समजून मी गप्प राहिलों. रंग तोच होता, छाप तोच होता. पोत्यावरची खूण बघून आंतला माल न पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्हीं यार्डांत हंसतों. येथें मीच तो गिऱ्हाईक निघालों.

आतां आपण म्हणाल कीं, चौदा ग्रॅम म्हणजे चिमूटभर जिऱ्याचें वजन. त्यानें काय होणार? वजन किती यापेक्षां तें कोठें आहे यावर सारें अवलंबून असतें, हें ज्यानें जुनी तागडी हातांत धरली आहे त्याला सांगावें लागत नाहीं. गोल्फची काठी तोलण्याचा एक खास काटा असतो. त्यावर मुठीच्या टोकापासून चौदा इंचांवर टेंकू देऊन काठी आडवी ठेवतात आणि डोकें खालीं किती ओढतें तें मोजतात. या ओढीला अक्षर व अंक यांनीं दर्शविण्याची पद्धत आहे. पुरुषांच्या पुष्कळशा काठ्या ‘डी’ या अक्षराच्या आरंभींच्या अंकांत बसतात. डोक्याकडे सुमारें दोन ग्रॅम वाढले कीं एक अंक चढतो. मुठीकडे चार-पांच ग्रॅम वाढले कीं एक अंक उतरतो. माझी काठी एकूण वजनानें जड झाली होती, पण फिरवितांना तिचें डोकें मात्र तीन अंकांनीं हलकें वाटत होतें. डोकें कोठें आहे हें हाताला कळेना. त्यांतून जाड मुठीमुळें मनगट मोकळें वळत नाहीं. काठीचें तोंड चेंडूशीं येतांना उघडें राहतें आणि चेंडू उजवीकडे निघून जातो.

हें मला पुढें एका जाणत्या कारागिरानें समजावून दिलें. त्यानेंच आणखी एक परीक्षा दाखविली, जी कोणालाहि करतां येईल. चेंडूवर शाईनें एक ठळक रेघ ओढावी, ती उभी राहील व काठीच्या तोंडाकडे येईल अशा रीतीनें चेंडू ठेवावा आणि टोला मारावा. रेघेची छाप काठीच्या तोंडावर उमटते. छाप सरळ उभी असली तर काठीचा जमिनीशीं असलेला कोन तुमच्या उंचीला व उभें राहण्याच्या ढबीला जुळतो. रेघेचा माथा दांड्याच्या बाजूला झुकला तर काठी फार पडती आहे; टोकाच्या बाजूला झुकला तर ती फार उभी आहे. माझी रेघ दांड्याकडे झुकली. यंत्रावर मोजतां ती काठी आपल्या भावंडांहून दोन अंशांनीं पडती निघाली. मऊ पोलादाच्या घडीव काठ्या कठीण जमिनीवर वर्षानुवर्षें आपटून थोड्या वांकतात आणि तशाच त्या परत सरळहि करतां येतात. ओतीव काठ्यांच्या बाबतींत मात्र जपावें लागतें, कारण त्या मोडण्याचा संभव असतो. म्हणून हें काम घरच्या पान्यानें करूं नये.

मूठ बदलली, कोन सुधारला. आणि पहिल्याच दिवशीं चमत्कार झाला असें जर मी सांगितलें तर तें असत्य ठरेल. चेंडू आतां डावीकडे जाऊं लागला! कारण दोन वर्षें मी नकळत उजवीकडची चूक गृहीत धरून डावीकडे रोख धरीत होतों. बिघडलेल्या काठीनें माझा चांगला हात बिघडविला होता. काठी एका तासांत नीट झाली. हात नीट व्हावयास चार महिने गेले. कोणी म्हणेल, नवा, भारी किंमतीचा संच घ्यावा म्हणजे ही कटकट नको. परंतु २००८ सालीं दिल्लीस इंडियन मास्टर्स ही स्पर्धा जिंकणारे चौरासिया हे कलकत्त्याच्या मैदानावरील माळ्याचे पुत्र. भारी संच घेऊन त्यांनीं खेळास आरंभ केलेला नाहीं. आणि आपल्या पुण्याचे उदयन माने २०२१ मध्यें टोकियोच्या ऑलिंपिकांत खेळले. या पातळीवर खेळणारे लोक आपल्या काठ्यांचे कोन वरचेवर मोजून घेतात. त्यांच्या काठ्या आमच्यापेक्षां कितीतरी चांगल्या असतात, तरीहि मोजतात.

बाकीची निगा फार अवघड नाहीं. मूठ घामानें व धुळीनें गुळगुळीत होते, मग ती निसटूं नये म्हणून आपण घट्ट धरतों आणि दंड आंखडतो. कोमट पाणी, थोडा साबण व मऊ ब्रश यांनीं ती धुवावी व रात्रभर सुकूं द्यावी. चकाकी तरीहि राहिली तर ती बदलावी. आठवड्यास खेळणाऱ्यानें वर्षांतून एकदां बदललेली बरी, आणि सर्व काठ्यांना एकाच मापाची घ्यावी, हें मी अनुभवानें सांगतों. तोंडावरच्या खांचांत पावसाळ्यांत येरवड्याची माती आणि गवताचा रस बसतो. खांचा भरल्या कीं चेंडूला उलटी फिरकी मिळत नाहीं व तो पडल्या जागीं न थांबतां पुढें धांवतो. लांकडी दांतकोरणें आणि ओलें फडकें एवढें पुरे. खांचा कानशीनें धारदार करण्याचा मोह कित्येकांना होतो. तसें केल्यास काठी नियमाबाहेर जाऊं शकते.

उन्हाळ्यांत पिशवी मोटारीच्या डिकींत ठेवूं नये. डोकें व दांडा हे डिंकासारख्या एका रासायनिक लुकणानें जोडलेले असतात आणि तें लुकण उष्णतेनें मऊ पडतें. डोक्याच्या वरची काळी बांगडी वर सरकलेली दिसली, किंवा काठी हलवितां आंत कांहीं खुळखुळलें, तर ती काठी त्या दिवशीं वापरूंच नये. टोल्याबरोबर सुटलेलें डोकें कोणाला लागेल याचा नेम नाहीं.

आणि काठ्या मोजाव्या. हें हास्यास्पद वाटेल. पण २००१ सालच्या ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या अखेरच्या दिवशीं वेल्सचे इयन वूसनम हे आघाडीवर असतांना, दुसऱ्या खळग्याशीं त्यांच्या पिशवींत पंधरा काठ्या निघाल्या. सरावासाठीं घेतलेला एक जादा ड्रायव्हर तसाच राहिला होता. दोन टोल्यांचा दंड बसला आणि जगांतील सर्वांत जुनी ती स्पर्धा त्यांच्या हातून गेली.

झिजलेलें सारेंच वाईट असतें असें मात्र समजूं नये. एकोणिसाव्या शतकांत गटापर्चाचे चेंडू निघाले तेव्हां ते गुळगुळीत होते. परंतु वापरून ओरखडे पडलेला चेंडू नव्यापेक्षां अधिक सरळ व लांब जातो असें खेळाडूंना आढळलें. त्यांतूनच आजच्या चेंडूवरील खळ्यांची कल्पना निघाली. चेंडूविषयीं तात्यांनींहि एक प्रयोग केला. शेजारच्या गाळ्यांतून मीठ आणून बादलीभर पाण्यांत तें विरघळेल तितकें विरघळविलें आणि त्यांत चेंडू सोडला. चेंडू पाण्याच्या सुमारें सव्वाशतांश नव्हे, सव्वापट नव्हे, तर एक दशांशाहून थोडा अधिक जड असतो. म्हणून साध्या पाण्यांत तो बुडतो व कडक खाऱ्या पाण्यांत तरंगतो. तरंगता चेंडू बोटानें फिरवून सोडला असतां तीच बाजू पुन्हां पुन्हां वर आली तर त्याचें वजन एका अंगाला आहे असें समजावें. हल्लीच्या चांगल्या चेंडूंत हा दोष क्वचितच सांपडतो. आम्हांला बारांपैकीं एक सांपडला, आणि तोहि तळ्यांतून काढलेला.

आतां दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं, पोतीं चढण्यापूर्वीं, माझ्या काठ्या त्या लहान काट्यावर चढतात. तात्यांनीं अजून एकहि टोला मारलेला नाहीं. मारा म्हटलें तर हंसतात. गेल्या महिन्यांत नऊ क्रमांकाची काठी ४४५ ऐवजीं ४४२ भरली. तीन ग्रॅम गेले कोठें, तें पाहण्यासाठीं आम्हीं पिशवी गाळ्याच्या ओट्यावर उलटी केली. डोक्याच्या पाठीमागें चिकटविलेली शिशाची बारीक पट्टी सुटून तळाशीं पडली होती. आणि तिच्याबरोबर, पावसाळ्यापासून हरवलेली आमच्या गोदामाची किल्ली.