पडदा आला, वाचन राहिलं

कनेरगाव नाक्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज गटाच्या हिशोबाचं नाही, लेकरांच्या शाळेचं बोलायचं आहे.

२०१५ साली सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं नाव तेव्हा गावोगाव झालं होतं. मग आपल्याकडंही लोकवर्गणी निघाली. आमच्या भागातल्या एका शाळेला आम्ही गटातून पैसे दिले. सोयाबीन नुकतंच विकलं होतं, हात सैल होता. संगणक आला, पडदा आला, नारळ फुटला, फोटो निघाले. लाईट बिल कोण भरणार, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. बिल थकलं, लाईट तोडली, पडद्यावर धूळ बसली.

पण खरं दुखणं वेगळंच निघालं. पडदा चालू होता तेव्हा लेकरं चालीवर कविता म्हणायची, आम्ही खूश. दिवाळीच्या सुट्टीत आमच्यातल्या एकीनं तिसरीतल्या लेकीला पुस्तकातलं एक पान वाचायला दिलं. कविता तोंडपाठ, पण जोडाक्षर आलं की पोर गप्प. म्हणाली, “आई, तिथं पडद्यातली बाई वाचते ना.” त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पडदा पुढं पळतो. कोण अडलं, ते त्याला दिसत नाही. गुरुजींना दिसतं, पण तेही पडदा लावून माहिती भरत बसले तर कसं दिसणार?

हे आपल्याकडंच आहे असं नाही. ओईसीडी या संस्थेनं २०१५ मध्येच सांगितलं होतं, की ज्या देशांनी शाळेतल्या संगणकांवर भरपूर खर्च केला, तिथं वाचनात, गणितात म्हणावी अशी सुधारणा दिसली नाही. स्वीडननं तर २०२३ मध्ये पुन्हा छापील पुस्तकांसाठी पैसे दिले.

संगणक नकोच, असं आमचं म्हणणं नाही. पण शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया लागतात. आपण तिथं नुसत्या सह्या करून येतो, चूक आपलीही आहे. आता आम्ही बैठकीत दोन गोष्टी मागतो: बिलाचा हिशोब, आणि समोर एका लेकरानं पुस्तकातलं पान मोठ्यानं वाचायचं.

त्या पोरीला शेजारची आजी रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून वाचायला लावते. आजीला अक्षर येत नाही, पण पोर अडखळली की तिला लगेच कळतं.