पाथरीचा तंटा आणि दोन जर्मन सत्ता

बहमनी राज्य मोडल्यावर उभ्या राहिलेल्या पाच शाह्यांपैकी अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीवरून जो तंटा पेटला, त्याचे मर्म ऑस्ट्रिया आणि प्रशिया या दोन जर्मन सत्तांच्या एकोणिसाव्या शतकातील चुरशीशी ताडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. पाथरी इमादशाहीत होती. परंतु निजामशाहीच्या संस्थापकाचा पिता मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला होता, असे फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो. त्या नात्याचा हवाला देऊन बुऱ्हाण निजामशहाने दुसऱ्या मुलखाच्या बदल्यात पाथरी मागितली, अलाउद्दीन इमादशहाने ती नाकारून तटबंदी वाढवली, आणि १५१८ मध्ये बुऱ्हाणने ती बळाने घेतली. पूर्वजांच्या गावाची ओढ खरी असेलही. पण ज्याची ओढ इतकी सोयीची, त्याच्या हेतूविषयी शंका घ्यावी.

जर्मनीत असेच निमित्त श्लेस्विग आणि होल्स्टाइन या दोन जहागिरींनी पुरवले. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन संघाचे अध्यक्षपद ऑस्ट्रियाकडे असले, तरी १८३४ च्या जकात संघात, म्हणजे परस्परांतील जकात उठवणाऱ्या राज्यांच्या मंडळात, तिला स्थान नव्हते व तेथे प्रशियाचा शब्द चाले. १८६४ मध्ये डेन्मार्ककडून दोघांनी मिळून घेतलेल्या जहागिरींच्या कारभारावरून वाद वाढला, तेव्हा प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला तटस्थ राखण्याची खटपट केली, इटलीशी तीन महिन्यांच्या मुदतीचा करार केला, आणि ३ जुलै १८६६ रोजी साडोव्याच्या लढाईत ऑस्ट्रियाचा पराभव झाला.

तिसऱ्या सत्तेला तंट्याबाहेर ठेवण्याचे हे भान इमादशहाला राहिले नाही. गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशहाच्या मदतीने परत मिळवलेली पाथरी पुन्हा गेली, तेव्हा त्याने गुजरातच्या बहादूरशहाला दख्खनेत बोलावले. बहादूरशहा आला, पण त्याच्या मुक्कामाचे खरे भय यजमानालाच वाटू लागले, आणि त्याच्या नावाचा खुत्बा, म्हणजे सार्वभौमत्व मान्य करणारे प्रार्थनेतील प्रवचन, वाचण्याची पाळी दोन्ही प्रतिस्पर्ध्यांवर आली. बाहेरची सत्ता दूर ठेवण्यातच मुत्सद्देगिरी होती, आणि ती इमादशहाजवळ नव्हती. १५७४ मध्ये मुर्तझा निजामशहाने इमादशाही खालसा केली. पुढे पाथरी मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, म्हणजे अनेक परगण्यांचा विभाग, झाली.