जबड्याची शस्त्रक्रिया आणि घरची शुश्रूषा

आजारातून उठणाऱ्या माणसाला धीर देताना आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगण्यात येतात: पोटभर जेव, आणि मनात काही ठेवू नकोस, मोकळेपणाने बोल. जबड्याची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाच्या बाबतीत हे दोन्ही उपदेश व्यर्थ होत. ज्या दाराने अन्न आत जावयाचे आणि शब्द बाहेर यावयाचा, तेच दार काही आठवडे जवळजवळ मिटलेले असते. हातपाय धड असतात, बुद्धी शाबूत असते, भूक लागते, राग येतो. परंतु यांपैकी कशाचीही वाट मोकळी नसते. या अवस्थेत रोग्याने काय करावे आणि त्याहीपेक्षा घरच्या मंडळींनी काय करावे, याचा विचार आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

ही शस्त्रक्रिया अनेक कारणांनी करावी लागते. कोणाचा जबडा वाहनाच्या अपघातात मोडलेला असतो. कोणाचे वरचे व खालचे दात उपजतच एकमेकांवर नीट बसत नाहीत म्हणून हाड कापून योग्य जागी आणावे लागते. कोणाच्या हाडात गाठ झालेली असते. पूर्वी वरचे व खालचे दात तारेने एकमेकांस बांधून तोंड चार ते सहा आठवडे बंद ठेवीत. आज बहुधा टिटॅनियम धातूच्या लहान पट्ट्या व स्क्रू बसवून हाड स्थिर करतात, आणि दातांना केवळ रबरी कड्या लावतात. तारेने बांधण्याची पद्धतही काही रोग्यांच्या बाबतीत अद्याप चालू आहे. साधन कोणतेही असो, हाड प्राथमिक स्वरूपात सांधावयास सुमारे सहा आठवडे लागतात. यांपैकी रुग्णालयात जातात ते थोडेच दिवस. बाकीचा सर्व काळ घरचा असतो.

या काळात वेदनेचा बंदोबस्त औषधाने पुष्कळ अंशी होतो. पहिले काही दिवस ठणका सुरू होण्याची वाट न पाहता, सांगितलेल्या वेळी औषध दिले म्हणजे तो आटोक्यात राहतो. गोळी गिळता येत नसेल तर तेच औषध पातळ स्वरूपात मागून घ्यावे. आपल्या मनाने गोळी कुटून देऊ नये, कारण काही गोळ्या कुटल्याने त्यांचा गुण बदलतो. परंतु वेदना शमली तरी अस्वस्थता उरते. सूज, लाळ, चोंदलेले नाक, बधिर ओठ, अपुरी झोप, तेच ते पातळ अन्न आणि न बोलता येणे, यांपैकी एकही गोष्ट जीवघेणी नव्हे. पण सर्व मिळून माणसास हैराण करतात. ‘सोस थोडे’ असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. एकेक अडचण वेगळी काढून तिची वेगळी व्यवस्था लावणे, हाच त्यावरील उपाय होय.

प्रथम सुजेचा विचार करू. ती शस्त्रक्रियेनंतर लगेच नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक होते. घरी आणलेला रोगी कालच्यापेक्षा आज अधिक सुजलेला दिसला की मंडळी घाबरतात. हा क्रम अगोदर ठाऊक असला म्हणजे तो घोर वाचतो. पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून सुमारे वीस मिनिटे गालावर धरावा, मग तितकाच वेळ विसावा द्यावा. बर्फ उघडा कधीही लावू नये. कातडी बधिर असल्याने ती भाजल्यासारखी होते तरी रोग्यास कळत नाही. पुढे कोमट शेक द्यावयाचा की नाही हे शस्त्रवैद्यास विचारावे. बरीचशी सूज दोन आठवड्यांत उतरते. उरलेली हळूहळू, काही महिन्यांत जाते.

झोपताना डोके उंच असावे. एकावर एक उशा रचल्या तर त्या मध्यरात्री घसरतात; त्यापेक्षा पाठीमागे लोड, त्यावर तक्क्या आणि मग उशी असा कमरेपासून चढता उतार करावा. आरामखुर्ची असेल तर पहिल्या काही रात्री तीही चालते. याने सूज कमी राहते, लाळ घशात साचत नाही व श्वासही मोकळा होतो. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया असेल तर नाक चोंदते. तथापि साधारण दोन आठवडे नाक शिंकरावयाचे नाही, हे लहान अक्षरांत नव्हे, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. शिंक आल्यास ती दाबू नये. ओठ उघडे ठेवून तोंडाने जाऊ द्यावी. सांगितलेले थेंब घालावेत. ओठांना दिवसातून अनेकदा व्हॅसलिन लावावे, नाहीतर कोपरे फाटतात. उशीवर जुना पंचा घालावा, म्हणजे सकाळी ओली उशी पाहून रोग्यास संकोच वाटणार नाही.

आता अन्नाकडे वळू. या काळात वजन घटणे हे नेहमीचेच आहे. ते किती घटावे हे मात्र बरेचसे स्वयंपाकघराच्या हाती असते. दोन वेळची ताटे विसरावीत आणि दर दोन-अडीच तासांनी एक वाटी, असा दिवसाकाठी सहा ते आठ वेळांचा क्रम ठेवावा. नुसते पाणी, सरबत आणि भाज्यांचे सार यांवर हाड सांधत नाही. त्याला प्रथिने हवीत. मुगाच्या डाळीचे कढण, गाळलेले वरण, दूध, ताक, नाचणीचे सत्त्व, शेंगदाण्याचे बारीक वाटून गाळलेले कूट, आणि ज्या घरी चालते तेथे कोंबडीचे किंवा मटणाचे अळणी, हे सर्व उपयोगी पडते. भाताची पेज दिली तर तीत चमचाभर तूप घालावे. मधुमेह असेल तर गोड पेयांविषयी वैद्याचा सल्ला घ्यावा. तिखट वर्ज्य करावे, कारण ते टाक्यांना झोंबते; आणि अन्न कोमट असावे, कारण बधिर ओठाला कढत कळत नाही. वाटीतील एक थेंब शुश्रूषा करणाराने आपल्या मनगटावर टाकून पाहावा. काही शस्त्रवैद्य नळीने ओढून पिण्यास मनाई करतात. तेव्हा लहान चमचा, चोच असलेला पेला, किंवा रबरी नळी लावलेली पिचकारी यांपैकी काय वापरावयाचे ते घरी येण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

यात एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रोग्यासाठी वेगळे, बेचव असे काही शिजवून ते त्याच्या खोलीत नेऊन देण्यापेक्षा, घरात जे शिजले आहे तेच सौम्य करून, मिक्सरमध्ये बारीक करून, गाळून त्याला द्यावे. वरणभात व तूप यांची चव पातळ झाली तरी ओळखीची राहते. सणाच्या दिवशी पुरण शिजले असेल तर तेच दुधात सैल करून, दोनदा गाळून द्यावे. आणि शक्य असेल तर पंगतीतच बसवावे. चमच्याने पिताना हनुवटीवर ओघळ येतो म्हणून पुष्कळ रोगी एकटे जेवणे पसंत करतात. त्यांचा आग्रह मोडू नये. पण त्यांचे आसन मात्र मांडलेले असावे.

प्रत्येक वाटीनंतर तोंड स्वच्छ झालेच पाहिजे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून हळुवार खळखळावे. जोराने चूळ भरू नये. वैद्याने सांगितलेले जंतुनाशक औषध वेगळ्या वेळी वापरावे. परवानगी मिळाली म्हणजे लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन दात पुसावेत. तार किंवा कडी गालाला टोचत असेल तर दंतवैद्याकडे मिळणारे मेण त्यावर दाबून बसवावे. तंबाखू व धूम्रपान यांनी जखम भरण्यास विलंब होतो. या दिवसांत ती पूर्णपणे वर्ज्य होत.

खालचा ओठ व हनुवटी बधिर राहणे ही तक्रार विशेषतः खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर फार आढळते. त्या भागाचा ज्ञानतंतू हाडाच्या आतूनच जातो, आणि शस्त्रक्रियेत तो ताणला जातो. संवेदना परत येण्यास काही आठवड्यांपासून कित्येक महिनेही लागतात. मुंग्या येऊ लागणे हे बहुधा सुधारणेचे लक्षण असते. काहींच्या बाबतीत थोडा बधिरपणा कायम उरतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हाताशी रुमाल व लहान आरसा ठेवला म्हणजे न कळत सांडलेल्या घोटाची लाज टळते.

आता वाणीविषयी. ज्याला ओरडता येत नाही त्याच्या उशाशी घंटा असावी, आणि ती वाजते की नाही हे रोज रात्री पाहावे. ही सूचना क्षुल्लक वाटेल. पण तिच्यामागे एक खरा प्रसंग आहे. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या तोंडावर १९२३ च्या एप्रिलमध्ये व्हिएन्ना येथे पहिली शस्त्रक्रिया झाली. ती किरकोळ आहे असे समजून त्यांना एका लहानशा खोलीत ठेवले होते. तेथे एकाएकी मोठा रक्तस्राव सुरू झाला. त्यांना हाक मारता येईना. हाताशी असलेली घंटा बिघडलेली होती. त्याच खोलीतील दुसऱ्या एका रुग्णाने धावत जाऊन मदत आणली, म्हणून प्राण वाचले.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हान्स पिखलर या शस्त्रवैद्याने कर्करोगामुळे त्यांच्या वरच्या जबड्याचा व टाळूचा भाग काढला. त्या जागी बसवावयाचे कृत्रिम टाळू इतके त्रासदायक होते की त्याला ‘राक्षस’ असे नाव पडले. पुढील सोळा वर्षांत फ्रॉइड यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तरीही १९२४ च्या जानेवारीत त्यांनी रुग्ण तपासण्याचे काम पुन्हा सुरू केले. त्यांची शुश्रूषा मुख्यतः त्यांची कन्या ॲना हिने केली. बापलेकींनी आरंभीच एक करार केला होता: जे करावयाचे ते शस्त्रवैद्याप्रमाणे शांतपणे करावयाचे, भावनेचे प्रदर्शन कोणीही करावयाचे नाही. १९३० मध्ये त्यांना फ्रँकफुर्ट येथे गटे पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे भाषण ॲनाने वाचले. धूम्रपान त्यांना अखेरपर्यंत सोडवले नाही. त्यात त्यांचे अनुकरण करू नये. परंतु त्या करारात घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्याकडे माया दाखवण्याची रीत वेगळी आहे. समाचाराला आलेली मावशी दारातूनच म्हणते, ‘अगबाई, चेहरा काय झाला हा!’ दुसरे कोणी डोळ्यांना पदर लावते. तिसरा गृहस्थ रोग्याला दिसत असूनही त्याच्या पत्नीला विचारतो, ‘यांना आता बरं आहे का हो?’ यात दुष्टावा नसतो. पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याला ही कीव ठणक्याहून जड जाते. घरच्यांनी पाहुण्यांना आधीच सांगावे की, प्रश्न त्यांनाच विचारा, आणि उत्तर लिहून होईपर्यंत थांबा. पाटी, वही किंवा मोबाइल, जे सोयीचे असेल ते त्यांच्या हाती असावे. लिहिणारा माणूस अर्धे वाक्य लिहीत असताना ते आपण पूर्ण करू नये. विजेचे देयक, मुलाची शाळा, भाजी कोणती आणावी, या गोष्टी त्याला पूर्वीप्रमाणेच विचाराव्यात. दुसऱ्या आठवड्यात, वेदना कमी झाल्यावरच, अनेकांचे मन खचते. हे दुर्बलतेचे लक्षण नव्हे. अपुरे अन्न, अपुरी झोप आणि आरशातील अनोळखी चेहरा यांचा तो परिणाम असतो. पण उदासी हटत नसेल तर तीही वैद्यास सांगावी.

शेवटी, जे सोसावयाचे नाही त्याची यादी ऐका. श्वास घेण्यास अडचण, जिभेखाली किंवा गळ्यावर वाढणारी सूज व गिळता न येणे, ताठ बसवून, सांगितल्याप्रमाणे कापसाच्या घडीने दाबूनही न थांबणारे लाल रक्त, १०१ अंशांवर जाणारा ताप, उतरू लागलेली सूज पुन्हा चढणे, पू किंवा दुर्गंधी, दातांची जुळणी एकाएकी बदलणे, अंधुक दिसणे, पाणीही पोटात न राहणे. यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. वांती होऊ लागल्यास रोग्याला ताबडतोब बसवून पुढे वाकवावे व ओठ विलग करावेत. पोटात पातळच अन्न असल्याने ते दातांच्या फटींतून व दाढांच्या मागून बाहेर पडते. दात तारेने बांधलेले असतील तर तार कापण्याची पक्कड उशाशी टांगलेली असावी. श्वास कोंडला तर कोणती तार कापावयाची, हे रुग्णालय सोडण्यापूर्वी घरातील निदान दोघांनी पाहून घ्यावे.

श्रोतेहो, सहा आठवडे हा काळ कॅलेंडरात लहान असतो. मिटल्या तोंडाने तो काढणाऱ्यास मात्र फार लांब वाटतो. त्याच्या हाडाचे काम हाड करील. वाटी वेळेवर नेणे, घंटा वाजते ना हे पाहणे, आणि त्याचे वाक्य लिहून पुरे होईपर्यंत थांबणे, एवढे काम आपले आहे.